कोरोनाच्या साथीत आहारतज्ज्ञाची उमेदवारी

(महिला शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण रब्बी ज्वारीचे बियाणे, तुरीवरील शेंगा पोखरणारी अळी आणि ठिबकचे अनुदान यांविषयी बरेच ऐकले. मला दिलेला विषय जरा वेगळा आहे. आहारशास्त्राचे शिक्षण संपल्यावर रुग्णालयात सहा महिन्यांची उमेदवारी करावी लागते. डॉक्टरांच्या बाबतीत तिला आंतरवासिता म्हणतात, आपण सरळ इंटर्नशिप म्हणतो. माझी ही उमेदवारी नेमकी कोरोनाच्या साथीत आली. ती कशी पार पडली आणि तिच्यातून शेतकरी कुटुंबाने घेण्यासारखे काय आहे, हे सांगावे असे संयोजकांनी सुचविले.

आपण म्हणाल, साथ सरली, जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणीही संपल्याचे जाहीर केले, मग आता हे कशाला उकरून काढायचे? त्याचे कारण असे की, त्या काळात माझ्याकडे आलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक खेड्यांतले होते. त्यांच्या खाण्यापिण्याविषयी ज्या समजुती मी तेव्हा ऐकल्या, त्याच आजही टायफॉईड, डेंग्यू, क्षयरोग किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या घरी ऐकावयास मिळतात. म्हणून विषय जुना असला तरी काम रोजचेच आहे.

उमेदवारी म्हणजे काय?

गृहविज्ञान महाविद्यालयांचे नाव अलीकडे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय असे झाले आहे. बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी, त्यापुढे दोन वर्षांची अन्न व पोषण विषयातील पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर मान्यताप्राप्त रुग्णालयात सहा महिन्यांची उमेदवारी, असा हा मार्ग आहे. ती पूर्ण केल्याशिवाय नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेला बसता येत नाही.

रुग्णालयात काम काय करावयाचे? सकाळी वॉर्डात फेरी मारून प्रत्येक रुग्णाची चौकशी करायची. काल किती खाल्ले, उलटी झाली का, पोट साफ आहे का, साखर किती, क्रिएटिनीन किती, हे पाहून त्याचा दिवसाचा आहार ठरवायचा. मग स्वयंपाकघरात जाऊन मीठ कमीचा, मधुमेहाचा, मऊ, पातळ आणि नाकातील नळीवाटे देण्याचा असे वेगवेगळे आहार बरोबर निघतात की नाहीत हे बघायचे. नळीचा आहार दर दोन तासांनी साधारण २०० मिलिलिटर जातो. तो नीट गाळलेला नसेल तर नळी तुंबते आणि सिस्टरची बोलणी खावी लागतात. दुपारी बाह्यरुग्ण विभागात समुपदेशन. या कामाचे पुस्तक थोडे आणि हात फार. सुगरणीला पीठ हाताने कळते, तसेच हे काम रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहिल्यावर कळते. आणि साथीने नेमकी ती खाटच आमच्यापासून तोडली.

मी फेब्रुवारी २०२० च्या पहिल्या आठवड्यात एका मोठ्या शहरातील रुग्णालयात रुजू झाले. ९ मार्चला पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण सापडले. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. सर्व उमेदवारांना घरी पाठविण्यात आले. माझे सात आठवडे झाले होते, एकोणीस राहिले होते. वसतिगृह रिकामे करून मी गावी आले. त्या वेळी परत कधी बोलावतील, झालेले आठवडे धरतील की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

भाकरीचे वजन

गावी त्या वर्षी एप्रिल ते डिसेंबर असे नऊ महिने काढले. टरबूज बांधावर सडत होते, टोमॅटोला कोणी विचारीत नव्हते, ते आपणा सर्वांना आठवत असेलच. मीही खुरपणीला गेले, सोयाबीन काढणीला गेले. परंतु एक काम मी त्या काळात केले, ज्याचा उपयोग मला आजतागायत होतो. दिवाळीच्या फराळासाठी घेतलेला लहान तराजू घरात होता. त्यावर मी घरातले सर्व खाणे तोलू लागले.

आमच्या रुग्णालयातील तक्त्यात एक भाकरी ३० ग्रॅम पिठाची धरलेली होती. आईच्या हातची ज्वारीची भाकरी तोलली तर तिला सुमारे ९० ग्रॅम पीठ लागत होते. शेजारच्या दोन घरांतही थोड्याफार फरकाने तेच. आता हिशेब करा. शेतकरी रुग्ण सांगतो, "तीन भाकरी खातो." शहरात शिकलेली मुलगी तक्ता पाहून लिहिते ९० ग्रॅम पीठ, म्हणजे तीनशेच्या आसपास उष्मांक. प्रत्यक्षात त्याच्या पोटात गेलेले असते २७० ग्रॅम पीठ, म्हणजे नऊशेच्या आसपास उष्मांक आणि २७ ग्रॅम प्रथिने. मधुमेहाच्या रुग्णाला "दोन भाकरी चालतील" असे सांगितले की तो आनंदाने मान डोलावतो, कारण त्याच्या दोन म्हणजे आपल्या सहा. आणि अशक्त रुग्णाच्या बाबतीत उलटे होते. आजारपणात तो एकच भाकरी खातो असे घरचे सांगतात, तीही अर्धी टाकलेली असते.

तेव्हापासून मी भाकरी किती असे विचारत नाही. घरात किती माणसे, आठवड्याला दळण किती किलोचे, गिरणीत कधी जाता, असे विचारते. पाच माणसांच्या घरात आठवड्याला १२ किलो दळण लागत असेल तर माणशी किती पीठ पडते ते तिथेच कळते. त्यात लहान मुले किती आणि कष्टाचे काम करणारे किती, तेवढे पाहून कमीजास्त करायचे.

त्याच सप्टेंबरमध्ये राज्यात पहिल्या लाटेचा जोर होता. आमच्या प्राध्यापिकांनी गृहविलगीकरणातील रुग्णांना फोनवर आहाराचे मार्गदर्शन करण्याचे काम आम्हा मुलींना दिले. त्याचा उमेदवारीच्या आठवड्यांत हिशेब धरला जाणार नव्हता. आमच्या घरी फोनला रेंज येण्यासाठी गच्चीवर जावे लागे, म्हणून मी पाण्याच्या टाकीला टेकून वही मांडीवर घेऊन बसत असे. तिथे मला पहिल्यांदा कळले की, वास आणि चव गेलेल्या माणसाला जेवायला लावणे किती कठीण असते. अन्न मातीसारखे लागते, असे बहुतेक जण म्हणत. अशा वेळी तिखट वाढवून उपयोग होत नाही, तोंड मात्र सोलवटते. लिंबू, चिंचेचा कोळ, आमसूल अशी आंबट चव थोडीफार जाणवते. गरम अन्नापेक्षा गार दहीभात, ताकातली ज्वारीची आंबील लोकांना बरी जायची. आणि स्वयंपाकाच्या वेळी फोडणीच्या धुराजवळ रुग्णाला बसवू नये, कारण वास परत येऊ लागतो तेव्हा पहिल्यांदा तो विचित्रच येतो.

वॉर्डाच्या दाराबाहेर

जानेवारी २०२१ मध्ये बोलावणे आले. झालेले सात आठवडे धरले गेले, राहिलेले एकोणीस पूर्ण करावयाचे होते. १६ जानेवारीपासून आरोग्य कर्मचाऱ्यांचे लसीकरण सुरू झाले आणि आम्हालाही पुढे लस मिळाली. विद्यावेतन मात्र नव्हते, खोलीचे भाडे घरून यायचे. हे मी मुद्दाम सांगते, कारण मुलीला या शिक्षणाला पाठविताना या सहा महिन्यांच्या खर्चाची तरतूद अगोदर करावी लागते.

परत आल्यावर रुग्णालयाची घडी बदललेली दिसली. कोरोना वॉर्डात आहार विभागातील कोणी जायचे नाही, असा नियम होता. स्टीलची ताटे जाऊन टाकाऊ डबे आले होते. डब्यावर खाट क्रमांक आणि आहाराचा प्रकार लिहायचा, ट्रॉली दारापर्यंत न्यायची, आणि परत फिरायचे. पूर्वी ताट परत आले की त्यात काय उरले ते पाहून रुग्णाचे पोट कळत असे. आता डबे जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशवीतून परस्पर जात होते. आम्ही १,८०० उष्मांकांचा आहार पाठविला असे कागदावर लिहीत होतो, पण त्यातले किती पोटात गेले आणि किती पिशवीत गेले, हे कोणास ठाऊक!

याला वाट काढली ती वॉर्डातल्या मावशींनी. पीपीई किट घालून सहा-सहा तास पाणी न पिता काम करणाऱ्या या बायका. एका मावशींना मी विनंती केली की, डबे पिशवीत टाकण्यापूर्वी नुसते डोळ्यांनी पाहून पूर्ण, अर्धा, हात नाही, एवढे तीनच शब्द सांगा. पाळी संपल्यावर आंघोळ करून त्या फोन करीत आणि तीस खाटांचे तोंडपाठ सांगत. "बारा नंबरच्या आजोबांनी भात ठेवला, खीर खाल्ली. सतराच्या बाईला हातच उचलत नाही बाळ, कोणी भरवील तर खाईल." ही शेवटची माहिती कोणत्याही तपासणीच्या कागदावर येत नाही. आम्ही ती डॉक्टरांना कळविली आणि त्या बाईंना नळीचा आहार सुरू झाला. शास्त्रात याला सेवनाची नोंद म्हणतात. मावशींचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते.

रुग्णाची माहिती नातेवाइकांकडून फोनवर घ्यायची, हा दुसरा बदल. त्यात मला एक फायदा झाला, तो म्हणजे माझी बोली. शहरातल्या माझ्या मैत्रिणी "ब्रेकफास्टला काय घेतात?" असे विचारीत. मी विचारी, "सकाळी रानात जाताना काय खाऊन जातात? न्याहारी कुठं करतात?" लगेच माणूस मोकळेपणाने बोलू लागे.

तीच गोष्ट छापील आहारपत्रकाची. घरी सोडताना रुग्णाला जे पत्रक दिले जाई, त्यात ओट्स, ब्राऊन ब्रेड, सफरचंद, पनीर आणि बदाम होते. पत्रकात चूक काही नव्हते. परंतु जिथे आठवडी बाजार बंद आहे आणि घरात ज्वारी, तूर, हरभरा, शेंगदाणे, सोयाबीन पोत्याने भरलेले आहे, तिथे त्या पत्रकाचा उपयोग पुडी बांधायला होतो. मी वरिष्ठ आहारतज्ज्ञ बाईंना विचारून दुसरे पत्रक तयार केले. त्यातला हिशेब आजही उपयोगी आहे, तो जरा सविस्तर सांगते. भगिनींनी लिहून घेतला तरी चालेल.

प्रथिनांचा हिशेब

निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात, अशी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद यांची २०२० सालची शिफारस आहे. मोठ्या आजारातून उठणाऱ्या माणसाचे स्नायू झिजलेले असतात, त्याला आम्ही किलोमागे १.२ ग्रॅमपर्यंत देण्याचा प्रयत्न करीत होतो. (मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना हे लागू नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.) म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ७२ ग्रॅम.

हे कोठून आणायचे? ६० ग्रॅम पिठाच्या मध्यम तीन भाकरींमधून १८ ग्रॅम. दोन वाट्या दाट वरण, म्हणजे कोरडी डाळ ६० ग्रॅम, त्यातून १३. दोन अंड्यांतून १३. अर्धा लिटर गाईच्या दुधातून १६, त्यातले काही दही करून घ्यावे. मूठभर शेंगदाणे, ३० ग्रॅम, त्यातून ७. आणि एक वाटी मोड आलेल्या मटकीची उसळ, कोरडी मटकी ३० ग्रॅम, तिच्यातून ७. बेरीज ७४ झाली. यात बाजारातला एकही डबा नाही.

आता वस्तुस्थिती पाहा. घरात दूध आहे, पण ते डेअरीला जाते. अंडी आहेत, पण ती विकली जातात. वरण आहे, पण ते इतके पातळ की वाटीचा तळ दिसतो. आणि त्याच घरातील मुलगा शहरातून प्रथिनांच्या भुकटीचा डबा, ड्रॅगन फ्रूट आणि किवी घेऊन येतो. एका कुटुंबाने तुरीचे दोन कट्टे विकून भुकटीचे डबे आणल्याचे मला फोनवर सांगितले. शंभर ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. म्हणजे पोत्याने प्रथिने विकून डब्याने प्रथिने आणली! भुकटी वाईट असते असे माझे म्हणणे नाही. ज्याला गिळता येत नाही, नळीवाटे द्यावे लागते, त्याला ती उपयोगी पडते. चालत्या-बोलत्या, दात शाबूत असलेल्या माणसाला तिची गरज नसते.

अंड्यांची निराळीच अडचण होती. कोंबडीमुळे कोरोना होतो ही अफवा २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पसरली आणि आपल्या कुक्कुटपालकांनी पक्षी मातीमोल विकले, काहींनी तर पुरून टाकले. पुढे जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्ल्यू निघाला आणि पुन्हा लोकांनी अंड्यांकडे पाठ फिरविली. नीट उकडलेल्या अंड्यातून आणि पूर्ण शिजलेल्या चिकनमधून बर्ड फ्ल्यू होत नाही, ७० अंश सेल्सिअस तापमानाला हा विषाणू मरतो, हे मला त्या महिन्यात दिवसातून दहादा सांगावे लागे. जे अंडे खातच नाहीत, त्यांचा प्रश्न वेगळा. त्यांच्यासाठी डाळ, दही आणि सोयाबीन आहे.

सोयाबीनविषयी दोन शब्द अधिक बोलते. मराठवाड्यात आणि विदर्भात आपण ते एवढे पिकवितो, पण घरात चिमूटभर ठेवत नाही. ज्वारी-गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते सोयाबीनमध्ये भरपूर असते, म्हणून दोन्ही एकत्र आले की प्रथिनांची प्रत सुधारते. मात्र कच्चे सोयाबीन दळू नये. त्यात पचनाला अडथळा करणारे घटक असतात. स्वच्छ सोयाबीन उकळत्या पाण्यात टाकून २० ते २५ मिनिटे उकळावे, पाणी टाकून द्यावे, उन्हात कडकडीत वाळवावे, साल काढून डाळ करावी आणि ९ किलो गहू किंवा ज्वारीला १ किलो याप्रमाणे दळणात मिसळावे. चवीत फारसा फरक पडत नाही. यापेक्षा जास्त मिसळले तर मुले भाकरी बाजूला सारतात, हे घरी करून पाहिलेले आहे.

काढा, शहाळे आणि साखर

फेब्रुवारीअखेर रुग्ण वाढू लागले. या वेळी एक गोष्ट ठळकपणे दिसू लागली. ज्यांना कधी मधुमेह नव्हता अशांची साखर तीनशेच्या वर. याचे एक कारण औषधात होते. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांचा जीव डेक्सामेथासोन या स्टेरॉईडने वाचतो, हे इंग्लंडमधील रिकव्हरी चाचणीतून जून २०२० मध्ये सिद्ध झाले होते आणि ते योग्यच औषध होते. परंतु स्टेरॉईडने रक्तातील साखर वाढते. दुसरे कारण घरून येणाऱ्या पिशवीत होते.

एका ऊस उत्पादक शेतकऱ्याची साखर इन्सुलिन वाढवूनही खाली येईना. आमचा डबा तर मधुमेहाचा जात होता. मुलाला फोन करून सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय आत पाठविता, असे विचारले. त्याने सांगितले ते असे : सकाळी गूळ घातलेला काढा, दहा वाजता मोसंबीचा रस, दुपारी शहाळे, चारला परत रस, रात्री हळद-मध घातलेले दूध, आणि मधून ग्लुकोजचे पाणी. सगळे प्रेमापोटी, सगळे पिशवीला पैसे मोजून. पातळ आणि गोड पदार्थ पोटात टिकत नाहीत, साखर मात्र लगेच चढवितात. रस बंद करून आख्खे मोसंबे, काढ्यातला गूळ काढून दिवसाला एकच कप, शहाळ्याऐवजी ताक, आणि डब्यातले वरण, अंडे, उसळ आधी खाऊन मग भाकरी, एवढे ठरविले. डॉक्टरांचे इन्सुलिन होतेच. चार दिवसांत साखर दोनशेच्या खाली आली आणि ते गृहस्थ पुढे घरी गेले.

साखरेचा एवढा बाऊ कशासाठी, असे काही नातेवाईक चिडून विचारीत. मे २०२१ मध्ये त्याचे उत्तर सर्वांना मिळाले. म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे रुग्ण आपल्या राज्यात मोठ्या संख्येने आले. त्यातले बहुतांश अनियंत्रित साखर असलेले आणि स्टेरॉईड घेतलेले होते. कोणाचा डोळा गेला, कोणाचा वरचा जबडा काढावा लागला. जबडा काढलेल्या माणसाला काय आणि कसे खायला द्यायचे, हे मी उमेदवारीच्या शेवटच्या आठवड्यात शिकले.

एप्रिलचा महिना

एप्रिलविषयी मी थोडेच बोलणार आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरचे माणूस त्या महिन्यात गेले आहे.

त्या वेळी आमच्या रुग्णालयात तोंडावर घट्ट मास्क लावून दाबाने ऑक्सिजन देण्याच्या यंत्रावर बरेच रुग्ण होते. अशा माणसाचा मास्क जेवणासाठी पाच-सात मिनिटेच काढता येतो. तेवढ्यात रक्तातील ऑक्सिजन खाली येऊ लागतो, माणूस धापा टाकतो आणि पुन्हा मास्क लावावा लागतो. आमची भात-पोळी-भाजी तिथे कुचकामी ठरली. पाच मिनिटांत आठ-दहा घासच जाणार असतील तर प्रत्येक घासात जास्तीत जास्त काय घालता येईल, एवढाच प्रश्न उरला. स्वयंपाकघरातील महाराजांबरोबर बसून आम्ही लहान वाटीचे पदार्थ काढले : तूप घातलेली मुगाची दाट खिचडी, दुधात कालवलेले सातूचे पीठ, अंडे घालून शिजविलेले दाट दूध, शेंगदाण्याचा कूट घातलेले घट्ट दही. दिवसातून तीन जेवणांऐवजी आठ वेळा वाटी. वाढणारे हात तेवढेच, म्हणजे ट्रॉलीच्या फेऱ्या दुपटीहून अधिक झाल्या. महाराजांनी तक्रार केली नाही. त्यांचा स्वतःचा भाऊ तिसऱ्या मजल्यावर होता.

रोज पहाटे आहाराची यादी नव्याने लिहावी लागे. रात्रीतून गेलेल्यांची नावे सिस्टर फोनवर सांगत आणि मी त्या खाटेपुढचा आहार खोडत असे. तासाभरात त्याच क्रमांकावर दुसरे नाव येई. आदल्या दिवशी ज्यांच्या मुलीने फोनवर "बाबांना पिठलं फार आवडतं, चालेल का?" असे विचारलेले असे, तेच नाव खोडायचे असे. त्या मुलीला मी चालेल म्हणून सांगितले होते, आणि स्वयंपाकघरातून त्या दिवशी त्यांना पिठले गेलेही होते. मावशींनी सांगितले, चार घास खाल्ले.

१४ एप्रिलपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध आले. घरून वडिलांचा फोन आला की, आता परत ये, कागद काय पुढच्या वर्षीही मिळेल. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. घरात आजी पंच्याऐंशी वर्षांची, आई दम्याची. माझे पाच आठवडे राहिले होते. मी वडिलांना एवढेच सांगितले की, आता मी गावी येणेच अधिक धोक्याचे आहे, रुग्णालयातून निघालेले माणूस घरात नको. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "डबा कुठून येतो तुझा?" मी म्हटले, रुग्णालयातलाच खाते. दुसऱ्या आठवड्यात भाजीच्या गाडीतून ज्वारीच्या पिठाची पिशवी, शेंगदाण्याची चटणी आणि आईने केलेले खारवलेले लिंबू आले. १५ मे रोजी माझे आठवडे पूर्ण झाले. प्रमाणपत्र टपालाने आले, कारण कार्यालय बंद होते.

घरी आणलेल्या रुग्णासाठी

कोरोना असो वा दुसरा मोठा आजार, रुग्ण घरी आल्यावरचे दोन महिने महत्त्वाचे असतात आणि नेमके तेच दुर्लक्षित राहतात. आपला शेतकरी आठ दिवसांत औत धरतो.

घरी आल्याबरोबर वजन करावे. वजनकाटा नसेल तर आडतीवरचा किंवा गिरणीतला काटा चालतो. आम्ही कित्येकांची वजने अशीच घेतली. आजारापूर्वीचे वजन आठवत असेल तर ताडून पाहावे. ६० किलोचा माणूस ५४ वर आला असेल, तर दहावा हिस्सा गेला, आणि त्यात चरबीबरोबर बराच स्नायूही गेलेला असतो. दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर, तसल्याच कपड्यांत पुन्हा मोजावे. वजन वाढत नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावे.

ज्यांच्या घशात श्वासाची नळी बरेच दिवस होती, त्यांना पाणी पिताना ठसका लागतो का ते बघावे. ठसका लागत असेल तर पाण्यासारखे पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अशांना दाट खिमट, दाट आंबील, दही असे द्यावे, सरळ बसवून भरवावे, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. ठसका चालूच राहिला तर डॉक्टरांकडे न्यावेच. अनेक दिवस काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपेट जेवू घालू नये, तीन-चार दिवसांत हळूहळू वाढवावे.

नुसते खाऊन स्नायू येत नाहीत. पहिल्या आठवड्यात अंगणात चालणे, मग बांधापर्यंत, मग जड काम, अशी चढण ठेवावी.

लोहासाठी आपल्याच विद्यापीठांचे वाण आहेत. राहुरी विद्यापीठ व इक्रिसॅटची बाजरी 'धनशक्ती' २०१२ पासून आहे, परभणीच्या विद्यापीठाची ज्वारी 'परभणी शक्ती' २०१८ साली आली. दोन्हींत लोह नेहमीच्या वाणांपेक्षा अधिक आहे. घरच्या खाण्यापुरते पाच-दहा गुंठे जरी पेरले तरी वर्षाची सोय होते. भाकरीबरोबर लिंबू पिळलेली उसळ किंवा कच्चा कांदा-कोबी असावा, आणि जेवणाबरोबर चहा नसावा, म्हणजे ते लोह अंगी लागते.

मुलींच्या शिक्षणाविषयी

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारले की, स्वयंपाकाचे शिक्षण घ्यायला एवढी वर्षे कशाला? त्यांना मी सांगितले, ते इथेही सांगते. हा अभ्यास शरीरक्रिया, रसायन आणि रोगांचा आहे, स्वयंपाक त्याच्या शेवटी येतो. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा जो कायदा केला, त्यात आहारतज्ज्ञांचाही समावेश आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयांतही आता आहारतज्ज्ञ ठेवतात, पण खेड्यातली भाकरी आणि वरण ओळखणाऱ्या मुली त्यांत थोड्या आहेत. ज्यांच्या मुली यंदा बारावी विज्ञान शाखेला आहेत, त्यांनी प्रवेशाच्या वेळी कृषी पदवीबरोबर सामुदायिक विज्ञानाचाही पर्याय पाहावा. खर्चाचे मी वर सांगितलेच आहे.

मला दिलेली वेळ झाली आहे. सोयाबीन उकडण्याची पद्धत आणि ७४ ग्रॅमचा हिशेब ज्यांना लिहून हवा आहे, त्यांच्यासाठी गृहविज्ञानाच्या दालनात छापील पत्रके ठेवली आहेत. तिथे एक तराजूही ठेवला आहे. ज्या भगिनींनी शिदोरीत भाकरी आणली असेल, त्यांनी जेवणापूर्वी ती तोलून पाहावी.